दुष्काळातला कागद

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी काढला, त्यांच्या बोलण्यात खडी, सुकडी आणि मिलो हे शब्द हमखास येतात. माझ्या आईचं माहेर नगर जिल्ह्यातलं. तिच्या लहानपणीच्या आठवणींत पाझर तलावावर माती वाहणाऱ्या मावश्या आहेत, खडी फोडून बोटं सुजलेली तिची आई आहे. त्या दुष्काळातल्या कामांमधूनच पुढे आपल्याकडे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्यामुळे दुष्काळी काम म्हणजे घमेलं, फावडं आणि मस्टर, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं होतं. म्हणूनच त्याच्या पाच-सहा वर्षं आधी बिहारच्या दुष्काळात बायकांना मदत म्हणून कोरा कागद दिला गेला होता, हे समाजकार्य शिकताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद परत परत वाचला.

१९६६ साली बिहारमध्ये पावसाने दगा दिला. १९६७च्या एप्रिलमध्ये राज्याच्या काही भागांत सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केला. तेव्हाच्या दरभंगा जिल्ह्यातल्या मधुबनीच्या परिसरात घराच्या आतल्या भिंतींवर चित्रं काढायची बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. नव्या जोडप्याच्या खोलीत, म्हणजे कोहबर घरात, कमळाची पानं, बांबू, पोपट, मासे, कासव काढायचे. अंगणात तांदळाच्या ओल्या पिठाचं अरिपन, आपल्या रांगोळीसारखं. ही चित्रं बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नसत, कारण ती आतल्या खोल्यांत असत. १९३४च्या जानेवारीत मोठा भूकंप झाला, घरं कोसळली, आणि तिथल्या डब्ल्यू. जी. आर्चर या ब्रिटिश अधिकाऱ्याला नुकसानीची पाहणी करताना उघड्या पडलेल्या भिंतींवर ती दिसली. १९४९ साली त्यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. पण लेख लिहून झाला तरी बायका भिंतींवरच चित्रं काढत राहिल्या, आणि त्याचे पैसे मिळू शकतात असं कुणाच्या मनातही आलं नाही.

दुष्काळात ते आलं. हस्तकला मंडळाच्या कामात असलेल्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवलं. भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, आम्ही ते विकत घेऊ, एवढंच त्या योजनेचं सांगणं होतं. कुलकर्णींचं नाव आपल्याकडे चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ते सविस्तर शिकवायला हवेत असं माझं ठाम मत आहे.

कागदच का, हे समजून घेतल्याशिवाय या गोष्टीचं मोठेपण कळत नाही. मिथिलेतल्या, म्हणजे या मधुबनी-दरभंग्याच्या भागातल्या, ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायका पडद्यात होत्या. घरात दाणा नसला तरी त्यांना रस्त्याच्या कामावर जाता येत नव्हतं. मस्टरवर त्यांची नावं चढणं शक्यच नव्हतं. म्हणजे मदतीची नेहमीची जी वाट असते, ती त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचतच नव्हती. कागद मात्र उंबऱ्याच्या आत जाऊ शकत होता. बाईला जे येतं, जिथे ती बसते, ज्या वेळेला तिचे हात मोकळे असतात, ते सगळं धरून ही मदत बेतलेली होती. शिवाय ती भीक नव्हती. चित्र द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, असा रोखीचा व्यवहार होता.

त्यातून पुढे आलेली नावं आता इतिहासात आहेत. जितवारपूरच्या जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, त्याच गावच्या सीता देवींना १९८१मध्ये. सीता देवी महापात्र ब्राह्मण कुटुंबातल्या. अंत्यविधीचं पौरोहित्य करणारा हा समाज, त्यामुळे ब्राह्मण असूनही गावात त्यांना अशुभच मानलं जाई. त्यांची ठसठशीत रंगांनी भरलेली चित्रं, ज्याला भरनी म्हणतात ती, पुढे दिल्लीपासून परदेशापर्यंत गेली.

मी मुलींच्या एका बालगृहात चित्रांचा तास घेते. ठाणे जिल्ह्यात, शहराच्या कडेला, मागे गोदामं आणि पुढे हायवे असलेली ती इमारत आहे. आठवड्यातून एकदा जमिनीवर सतरंजी टाकायची, मध्ये तेलखडूंचे डबे आणि रंगांच्या वाट्या ठेवायच्या, आणि बसायचं. मी चित्रकार नाही, समाजकार्यकर्ती आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांपलीकडे माझं चित्रकलेचं शिक्षण नाही. तरीही हे काम मी धरून ठेवलं आहे, कारण बाकीच्या सगळ्या तासांना या मुलींनी काय करायचं ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. उठायची वेळ, जेवायची वेळ, समुपदेशनाची वेळ, बालकल्याण समितीसमोर जायची तारीख, सगळंच.

आणि नेमका इथेच आम्हा संस्थावाल्यांचा हात जड पडतो. कागद आम्ही देतो, पण विषय आमच्याकडेच ठेवतो. ‘पाणी वाचवा’, ‘बेटी बचाओ’, ‘माझे स्वप्न’, ‘स्वच्छ परिसर’. चित्रकला स्पर्धा म्हटलं की फळ्यावर आधी विषय लिहिला जातो. मग सगळ्या कागदांवर तोच एक नळ, तोच थेंब, तीच हातात हात घातलेली पृथ्वी. परीक्षक येतात, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक काढतात, दात्याबरोबर फोटो होतो. या कार्यक्रमांना मुलं कंटाळतात असं नाही. रंग मिळाले की मूल खूशच असतं. पण त्या कागदावर मुलाचं स्वतःचं काय उतरलं असं विचारलं, तर रंग निवडण्यापलीकडे बहुधा काहीच नाही.

दुसरी एक सवय याहूनही खोल रुजलेली आहे. मूल काय काढतं त्याचा लगेच अर्थ लावायचा. मुलांची चित्रं एक्स-रेच्या रिपोर्टसारखी वाचायची. माणसाला हात नाहीत म्हणजे असहायता, काळा रंग जास्त म्हणजे नैराश्य. एका कार्यशाळेत आम्हाला असा तक्ताच वाटला गेला होता. मी तो जपून ठेवला नाही. आमच्याकडची नऊ-दहा वर्षांची एक मुलगी नेहमी बिनदाराचं घर काढायची. खिडक्या असायच्या, कौलं असायची, दारात असते तशी रांगोळीसुद्धा असायची, दार तेवढं नसायचं. नवीन आलेल्या समुपदेशक बाईंनी फाइलमध्ये त्यावर बरंच काही लिहिलं. एकदा मी तिच्या शेजारी बसून माझंही घर काढत होते, तेव्हा तिने माझ्या कागदात डोकावून पाहिलं.

“ताई, तुमचं दार पुढून आहे?”

“हो. तुझं कुठनं गं?”

“आमचं गल्लीतून. रस्त्यावरून नाय दिसत.”

तिने घर जसं दिसतं तसं काढलं होतं, अगदी काटेकोरपणे. याचा अर्थ मुलांच्या चित्रांत दुःख नसतं असा नाही. खूप असतं. प्रशिक्षित कलोपचारतज्ज्ञ जे काम करतात त्याबद्दल मला आदर आहे, कारण ते महिनोन्‌महिने मुलाबरोबर बसतात आणि अर्थ मुलाकडूनच येऊ देतात. माझा आक्षेप घाईला आहे. चित्र काढणाऱ्याला विचारायच्या आधीच आपण त्याचं म्हणणं लिहून टाकतो, त्या घाईला.

गंगा देवींची चित्रं पाहिल्यावर हे मला नीट मांडता यायला लागलं. त्याही मिथिलेच्या, कायस्थ घरातल्या. त्यांच्या आयुष्याबद्दल लिहिलं गेलं आहे. मूल जगलं नाही, नवऱ्याने दुसरी बायको केली, त्या घराबाहेर पडल्या. त्या दुःखाच्या काळात दुष्काळी योजनेतून सुरू झालेल्या या कामाने त्यांना हात दिला. त्यांची शैली कचनी, म्हणजे बारीक रेघांनी भरत नेलेली. रंग मोजका, रेघ मात्र अशी की कागदापासून डोळा हलत नाही. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी भारत महोत्सवासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथून आल्यावर त्यांनी वॉशिंग्टनचा उंच स्तंभ काढला, जत्रेतला गिरक्या घेणारा रोलर कोस्टर काढला, त्यात बसलेली माणसं काढली. ज्या रेघेने त्या कोहबरातला बांबू काढायच्या त्याच रेघेने.

नंतर त्यांना कॅन्सर झाला. दिल्लीला ‘एम्स’मध्ये उपचार चालू असताना त्यांनी तेही काढलं. प्रवास, डॉक्टर, खाटा, सुया, वॉर्डातली माणसं. ही चित्रं काढा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कोणत्याही योजनेच्या यादीत ‘माझा आजार’ असा विषय नव्हता. १९९१ साली त्या गेल्या. आजारपणातच त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक अख्खं कोहबर घर रंगवलं होतं. २०१५ साली संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते नष्ट झालं. ही बातमी वाचली त्या दिवशी मी कामावर कुणाशी नीट बोलू शकले नाही.

गंगा देवींच्या त्या चित्रांत ज्या गोष्टीने मला धरून ठेवलं ती अशी, की त्यांना मदत हवी होती, उपचार हवे होते, पैसे हवे होते, पण आपल्या आजाराबद्दल काय बोलायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं. रुग्ण म्हणून त्या खाटेवर पडल्या होत्या, पण त्या खाटेकडे बघणारी नजर त्यांचीच होती. कल्याणकारी कामात आपण ज्याला ‘लाभार्थी’ म्हणतो, त्याच्याकडे नेहमी कुणीतरी बघत असतं. गृहभेटीला आलेली कार्यकर्ती बघते, पाहणीला आलेले अधिकारी बघतात, दाते बघतात, कॅमेरा बघतो. त्याने उलट बघून काय दिसलं ते सांगायची सोय आपल्या बहुतेक कामांत नसते. चित्रामुळे ती होऊ शकते, आणि मला वाटतं चित्राचं या कामातलं खरं स्थान तेच आहे. विरंगुळा, उपचार, रोजगार हे सगळं त्याच्या जोडीने येतं, आणि यावंच.

काही वर्षांपूर्वी मी दरभंग्याहून मधुबनीला गेले होते. शहराला लागूनच रांटी आणि जितवारपूर ही गावं आहेत. घरोघर ओसरीवर कागद पसरलेले. एका घरात सासू कागदावर शेणाच्या पातळ पाण्याचा हात फिरवत होती आणि सून सुकलेल्या कागदावर निबने रेघा ओढत होती. काजळीचा काळा, हळदीचा पिवळा, पळसाच्या फुलांचा केशरी असे रंग सासूबाईंनी मला वाट्यांतून दाखवले. सुनेने मात्र सरळ सांगितलं की बाजारातले रंग वापरले तर माल लवकर होतो. दलाल राम-सीता आणि राधा-कृष्ण मागतो. स्वतःच्या मनातलं काढलं तर ते कधी विकलं जाईल याचा भरवसा नाही. दुष्काळात पोटासाठी सुरू झालेल्या कामाला हा पेच पहिल्यापासूनच चिकटलेला आहे, आणि त्यावर सोपं उत्तर नाही. रेमंड ओवेन्स नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने तो सत्तरच्या दशकातच ओळखला होता. १९७७ साली त्यांनी तिथल्या कलाकारांची संघटना उभी करायला मदत केली. दलालाच्या मापाने एकच चित्र पुन्हा पुन्हा काढण्यापेक्षा वेळ घेऊन काढलेल्या चित्रांना चांगली किंमत देण्यावर त्यांचा भर होता.

मधुबनीच्या या गोष्टीत एक उणीव होती, तीही सांगायला हवी. पहिल्या लाटेतला कागद मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांतच गेला. दुष्काळ सगळ्यांवर आला होता, पण मदतीने जातीची भिंत ओलांडली नाही. सत्तरच्या दशकात एरिका मोझर ही जर्मन अभ्यासक तिथे आली आणि तिने दुसाध या दलित समाजातल्या बायकांना चित्रं काढायला प्रोत्साहन दिलं. त्यांच्याकडे कोहबराची ती परंपरा नव्हती. मग चानो देवींसारख्या बायकांनी आपल्याकडे जे होतं ते घेतलं. अंगावरचं गोंदण घेतलं, आपला लोकदेव राजा सल्हेस घेतला. ओळींमागून ओळी, वर्तुळांमागून वर्तुळं, त्यांत माणसं, जनावरं, झाडं. आज त्या शैलीला गोदनाच म्हणतात. वरच्या जातीच्या घरांतली देवचित्रं उसनी घेण्यापेक्षा त्यांनी आपल्या कातडीवरची नक्षी कागदावर उतरवली. मल्लाह समाजातल्या दुलारी देवी तर चित्रकार महासुंदरी देवींच्या घरी धुण्याभांड्याला होत्या. तिथे बघत बघत शिकल्या. महासुंदरी देवींना २०११ साली पद्मश्री मिळाली होती, दुलारी देवींना ती २०२१मध्ये मिळाली.

भास्कर कुलकर्णी मधुबनीनंतर आपल्याकडे, डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवरही आले. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, मध्ये पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. सत्तरच्या दशकात त्या भागातही कागद गेला, आणि तो गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हातात पडला. लहानपणी आई गेली, त्यानंतर ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रं काढून सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. त्यांनी विधीच्या चौकटीबाहेरचं जग काढलं. मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, तारप्याभोवतीचा नाच. २०११ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. त्यांच्या थोरवीबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण मधुबनीत कागदाने बायकांच्या हातात पैसा दिला, आणि वारली चित्रकला बाजारात आली तेव्हा तिच्यातली नावं बहुतांशी पुरुषांची झाली. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं आपल्याला माहीत नाहीत. कागद कुणाच्या हातात पडतो यावर पुढची सगळी गोष्ट अवलंबून असते, म्हणून योजना आखणाऱ्याने पहिला विचार त्याचा करावा, असं मला या दोन गावांनी शिकवलं.

आणि पैशाचा. २०१७ साली मधुबनी रेल्वे स्टेशनच्या भिंती दीडशेहून अधिक कलाकारांनी रंगवल्या. फार देखणं काम झालं, देशभर फोटो गेले. ते श्रमदानातून झालं होतं. ऐन दुष्काळात, तिजोरीत खडखडाट असताना ज्या चित्रांचे पैसे मोजले गेले, त्याच चित्रांसाठी अर्ध्या शतकाने त्याच भूमीतल्या कलाकारांचा वेळ फुकट मिळाला. कलाकारांनी ते आपल्या गावाच्या प्रेमाने केलं असेल, त्यांच्या भावनेला मी कमी लेखत नाही. पण स्टेशनची फरशी बसवणाऱ्याला श्रमदान करायला कुणी सांगत नाही, आणि गवंड्याचे पैसे चुकते करूनच त्याला सोडतात.

हाच प्रश्न आमच्याकडे दरवर्षी दिवाळीच्या आधी उभा राहतो. मुलींच्या चित्रांची भेटकार्डं आणि कॅलेंडर काढून संस्थेसाठी निधी उभा करायचा, ही अनेक संस्थांची रीत आहे. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे, म्हणून चित्राखाली नाव घालत नाहीत. ते योग्यच आहे. पण नाव नाही म्हणून चित्र कुणाचंच नाही, असा त्याचा अर्थ नकळत होऊन बसतो. गेल्या वर्षी निवडलेल्या चित्रांत त्या गल्लीतल्या दाराच्या घराचं चित्र होतं. मी तिला विचारलं. तिने मान हलवली.

“नको.”

“का गं? सगळ्यांना आवडलंय.”

“ते आजीचं घर आहे.”

चित्र कॅलेंडरवर गेलं नाही. संस्थेच्या समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना हे पटलं नाही. एवढ्या लहान मुलीच्या हो-नाहीला किती महत्त्व द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, तिच्या आयुष्यात तिच्या हो-नाहीला महत्त्व मिळालेली ही कदाचित पहिलीच गोष्ट असेल, आणि म्हणून ते द्यायलाच हवं.

यंदा मी समितीपुढे एक टिपण ठेवते आहे. कागद आणि रंगांच्या खर्चाला कुणाची ना नसते, तो मंजूर होतोच. मी मागते आहे ती चित्रांच्या मोबदल्याची वेगळी तरतूद. कॅलेंडरवर किंवा भेटकार्डावर जे चित्र जाईल, त्याचे पैसे त्या मुलीच्या खात्यात जमा व्हावेत. खाती बँकेत आहेतच. विषय देऊन घेतलेल्या स्पर्धेतली चित्रं यात धरायची नाहीत. टिपणाचा मसुदा मी मोठ्या मुलींना वाचून दाखवला. त्यात मी आधी दर लिहिला होता, मग संमती. दहावीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, आधी विकायचं का ते विचारा ना. मग पैशाचं.” टिपणात आता संमतीचा मुद्दा पहिला आहे आणि दराचा चौथा. बैठक पुढच्या महिन्यात आहे.